पिशवीतली शर्यत : घरच्या घरी धिंगरी अळंबी

घरी अळंबी लावायच्या सूचना कुठेही मिळतात. काड भिजवा, गरम पाण्यातून काढा, पिशवीत थर भरा, अंधारात ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी उजेडात आणा, पाणी शिंपडा. सूचना बरोबरच असतात. तरीही तंतोतंत तेच करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पिशवीवर टपोरे घोस लागतात आणि दुसऱ्याच्या पिशवीत हिरवी बुरशी माजते. कारण त्या सूचनांत काय करायचं ते असतं, कशासाठी करायचं ते क्वचितच असतं. प्रत्येक घराची हवा वेगळी, ओल वेगळी, उजेड वेगळा. कशासाठी ते उमगलं, की सूचना आपल्या घराला बेतून घेता येतात.

सुरुवात करणाऱ्याने धिंगरीच लावावी, असं माझं ठाम मत आहे. हिलाच बाजारात ऑयस्टर मशरूम म्हणतात. पांढरं गोल बटन मशरूम दिसायला ओळखीचं असलं तरी त्याचे लाड फार. त्याला आधी कित्येक दिवस कुजवून तयार केलेलं कंपोस्ट लागतं, त्यावर मातीसारख्या आच्छादनाचा थर लागतो आणि फळं धरताना १४ ते १८ अंश सेल्सिअस थंडावा लागतो. शिताके ही दुसरी खाण्याची अळंबी लाकडाच्या ओंडक्यावर कित्येक महिने घेते. धिंगरी मात्र कोरड्या, न कुजवलेल्या काडावर थेट वाढते आणि महिना-सव्वा महिन्यात ताटात येते. ती हे का करू शकते, इथूनच सगळं समजायला लागतं.

हा जीव आहे तरी कोण

अळंबी वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हावर स्वतःचं अन्न बनवणं तिला जमत नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात. किड्यांचं कवचही त्याच पदार्थाचं असतं. सजीवांच्या वंशवृक्षात बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तीही आपल्यासारखी आयतं अन्न खाते, प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे घरातल्या निम्म्या अडचणी त्यातूनच निघतात.

आपण खातो ती छत्री म्हणजे या जीवाचा थोड्या दिवसांचा अवयव, बीजाणू हवेत सोडण्यापुरता उभारलेला. मूळ जीव असतो आत, केसाहून कितीतरी बारीक पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात. त्याला कवकजाल म्हणतात. हे धागे पाचक रस अंगाबाहेर सोडतात, काड जागच्या जागी विरघळवतात आणि मग तो रस शोषून घेतात. काडात किंवा लाकडात सेल्युलोज असतं, आणि त्याला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन असतं. लिग्निन फोडणं फार थोड्या सजीवांना जमतं. धिंगरी त्यातली एक. जंगलात ती मेलेल्या झाडाच्या बुंध्यावर वाढते, आणि तिने खाल्लेलं लाकूड पांढुरकं, तंतुमय होऊन मऊ पडतं. तिची पद्धतशीर लागवडही आधी अशाच बुंध्यांवर झाली. जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात रिचर्ड फाल्क यांनी तोडलेल्या झाडांच्या खोडांवर ती वाढवल्याचं १९१७ मध्ये प्रसिद्ध केलं.

लाकडात आणि काडात कार्बन भरपूर असतो, नायट्रोजन मात्र अगदी तुटपुंजा. ती कमतरता धिंगरी कशी भरून काढते हे वाचून मी थक्क झालो होतो. तिच्या धाग्यांवर विषारी द्रव्याचे सूक्ष्म फुगे असतात. लाकडातले सूत्रकृमी त्यांना घासून गेले की लुळे पडतात, मग धागे त्यांच्या शरीरात शिरून त्यांना पचवतात. ही गोष्ट १९८४ मध्ये जगापुढे आली. निरामिष म्हणून खाल्ली जाणारी ही अळंबी शिकारी आहे! आपल्या पिशवीत तिला कृमी मिळणार नाहीत, पण तुटपुंज्या नायट्रोजनवर भागवण्याची तिची सवय आपल्या फार कामाची आहे.

शर्यत कशी लागते

स्वच्छ दिसणाऱ्या मूठभर काडावरही असंख्य बुरश्यांचे बीजाणू आणि जिवाणू बसलेले असतात. कोरडेपणामुळे ते निपचित असतात एवढंच. काड ओलं झालं की सगळे जागे होतात आणि त्याच अन्नासाठी धावतात. त्यात ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी सगळ्यात चपळ. तिची वाढ धिंगरीहून वेगवान असते, आणि ती नुसती अन्न पळवत नाही, धिंगरीच्या धाग्यांवरही हल्ला करते.

पण तिची एक उणीव आहे. तिला सहज विरघळणारी साखर, पिठूळ पदार्थ आणि नायट्रोजन आवडतो. लिग्निनने जखडलेल्या काडात तिची डाळ तशी शिजत नाही. म्हणून आपलं काम सरळ आहे. स्पर्धक कमी करायचे, धिंगरीला पुढून सुरुवात द्यायची आणि स्पर्धकांना आवडेल असं काही पिशवीत ठेवायचं नाही. धुणं, तापवणं, निथळवणं, भरपूर बियाणं घालणं, या सगळ्या कृती यासाठीच असतात.

उत्पन्न वाढावं म्हणून काडात कोंडा किंवा पीठ मिसळायचा सल्ला मिळतो. व्यावसायिक लोक ते करतात, कारण त्यांच्याकडे तो माल पूर्ण निर्जंतुक करायची साधनं असतात. घरी गरम पाण्यावर भागवायचं असेल तर कोंड्याच्या वाटेला जाऊ नका. जादा नायट्रोजनचा पहिला घास हिरवी बुरशी घेते.

काड निवडताना याच दृष्टीने पाहावं. गव्हाचं, भाताचं, सोयाबीनचं, कशाचंही चालतं. पण ते ताज्या हंगामातलं, पिवळंधमक आणि पावसात न भिजलेलं हवं. एकदा भिजून वाळलेलं काड म्हणजे आधीच कुणीतरी उष्टावलेलं ताट. ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करावेत. पोकळ काडी कापली की पाणी आत शिरतं, आणि तुकडे पिशवीत दाबून बसतात. मोठ्या पोकळ्या राहिल्या तर धाग्यांना एका काडीवरून दुसरीवर जायला वेळ लागतो, आणि शर्यतीत वेळच महाग.

तापवायचं, पण उकळायचं नाही

काड आधी ८ ते १२ तास साध्या पाण्यात भिजवतात. एक तर काडीवरचा मेणचट थर ओलावतो. दुसरं म्हणजे निपचित बीजाणू फुगून जागे होतात, आणि जागा झालेला बीजाणू उष्णतेने लवकर मरतो. मग पाणी बदलून काड ६५ ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर ते दीड तास पूर्ण बुडवून ठेवायचं. काड तरंगतं, म्हणून ते जाळीच्या किंवा सुती पोत्यात भरून वर वजन ठेवावं. या सगळ्या उद्योगात एकच उपकरण नक्की हवं, ते म्हणजे तापमापी. अंदाजाने पाणी ‘बऱ्यापैकी गरम’ करणारे बहुतेक वेळा ५० अंशांवरच थांबतात.

मग सरळ उकळूनच का नको? इथे एक गंमत आहे. ६५ ते ८० अंशांत बहुतेक स्पर्धक बुरश्या मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू वाचतात. ते धिंगरीला त्रास देत नाहीत, उलट जागा अडवून धरतात. नंतर बाहेरून एखादा बीजाणू आत पडला तरी त्याला मोकळं रान मिळत नाही. प्रेशरखाली १२१ अंशांवर पूर्ण निर्जंतुक केलेलं काड मात्र रिकामं मैदान असतं. तिथे बियाणं घालताना हवेतून पडलेला एक बीजाणूही माजतो. त्यामुळे पूर्ण निर्जंतुक माल हाताळायला गाळलेल्या हवेची बंदिस्त जागा लागते. घराच्या ओट्यावर अर्धवट स्वच्छता पूर्ण स्वच्छतेपेक्षा सुरक्षित ठरते, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. शिवाय खळखळ उकळलेलं काड लिबलिबीत होतं आणि त्यातली साखर सुटून बाहेर येते.

इंधन किंवा मोठं पातेलं नसेल तर चुन्याचा मार्ग आहे. विझवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात कालवला की पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास जातो. त्यात १२ ते १८ तास काड बुडवलं की बहुतेक बुरश्या आणि जिवाणू तग धरत नाहीत. काड बाहेर काढून निथळत ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू हळूहळू उतरतो. तेवढा अल्कलीपणा धिंगरी सोसते. एक लिटर पाण्यात चुना दोन ग्रॅमही पुरता विरघळत नाही, त्यामुळे ढीगभर ओतून फायदा नाही. काडातलं आम्ल थोडा चुना खातं, म्हणून तळाशी थोडा न विरघळलेला राहील इतका पुरे. शेतात टाकायची चुनखडीची भुकटी मात्र उपयोगाची नाही, ती कॅल्शियम कार्बोनेट असते आणि तिने सामू तितका चढत नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा विसरू नये, हा चुना कातडी भाजतो.

तिसरा मार्ग फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिमच्या द्रावणाचा. व्यावसायिक लागवडीत तो सर्रास सांगितला जातो आणि स्वस्तही पडतो. पण फॉर्मॅल्डिहाइड हे कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं रसायन आहे, आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. स्वतःच्या खाण्यासाठी स्वतःच्या घरात चार पिशव्या लावणाऱ्याने हे कशाला करावं, मला कळत नाही.

पाण्याचा हिशोब

एक किलो कोरड्या काडावर एक किलोपर्यंत ताजी धिंगरी येऊ शकते. ऐकणाऱ्याला ही जादू वाटते. हिशोब करून पाहा. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. म्हणजे एका किलोत कोरडा ऐवज जेमतेम १०० ग्रॅम आणि पाणी ९०० ग्रॅम. हे पाणी मुख्यतः काडातूनच ओढलं जातं. वरून फवारलेलं पाणी हवा दमट ठेवतं. छत्री भरते ती पिशवीतल्या पाण्यावर. म्हणून भरतानाच काडात पाणी योग्य असणं सगळ्यात महत्त्वाचं.

योग्य म्हणजे वजनाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. निथळलेलं काड मुठीत जोरात पिळलं तर दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर पाणी जास्त, तळवा नुसता ओलसर झाला तर कमी. वजनावरूनही कळतं : १ किलो कोरडं काड निथळल्यावर अडीच ते तीन किलो भरावं. पाणी जास्त राहिलं की काड्यांमधली हवा जाते, प्राणवायूविना जगणारे जिवाणू माजतात आणि पिशवीच्या तळाशी आंबट, कुबट वास येतो. धागे अशा जागी शिरतच नाहीत. नवशिक्यांच्या फसलेल्या पिशव्या पाहिल्या तर कोरड्या पडलेल्यांपेक्षा पाण्यात बुडालेल्या जास्त दिसतात.

बियाणं आणि भरणं

अळंबीचं बियाणं म्हणजे स्पॉन. हे बी नसतं; उकडून निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं कवकजाल असतं. धान्यावर स्पॉन करायची पद्धत अमेरिकेत जेम्स सिंडेन यांनी काढली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिचा फायदा शर्यतीच्या भाषेत सांगायचा तर, प्रत्येक दाणा हा धावायची एक स्वतंत्र जागा. दाणे जितके जास्त आणि जितके पसरलेले, तितकं काड लवकर व्यापतं. ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ५ टक्के स्पॉन घालतात. घरी हात आखडता घेऊ नये; तीन किलो ओल्या काडाला १०० ते १५० ग्रॅम घाला.

चांगलं स्पॉन पांढरंशुभ्र असतं, दाणे हलकेच एकमेकांना चिकटलेले असतात आणि वास ताज्या अळंबीचा येतो. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका दिसला तर ती पिशवी परत करा. आंबूस वास आला तरी तेच. ताजं स्पॉन लगेच वापरावं. थांबायचं असेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास काही आठवडे राहतं. गुलाबी धिंगरी याला अपवाद आहे, तिला थंडी मानवत नाही.

जात निवडताना घरातलं तापमान पाहा, रंग नंतर. उन्हाळी उष्णतेत गुलाबी धिंगरी तगते. साजोर-काजू आणि फ्लोरिडा या नावांनी मिळणाऱ्या जाती २० ते २८ अंशांत खूश असतात. करडी-निळसर जात मात्र थंडीची. २० च्या वर तिचे रंगरूप उतरतात. तुमच्या खोलीत आज जे तापमान आहे त्यात येणारी जात लावा. खोली थंड करत बसणं परवडत नाही आणि टिकतही नाही.

स्पॉन घरी करायचा मोह पुष्कळांना होतो. धान्य पौष्टिक असल्यामुळे तिथे अर्धवट स्वच्छता चालत नाही, प्रेशर कुकर आणि बरीच शिस्त लागते. आधी पिशव्या जमू द्या.

काड पूर्ण थंड झाल्यावरच भरावं. हाताला कोमट लागत असेल तरी थांबा, ४० अंशांच्या घरात धागे मरतात. हात साबणाने धुवा, पंखा बंद करा, ओटा पुसा. साधारण ३५ बाय ५० सेंटिमीटरच्या पिशवीत एका किलो कोरड्या काडाचा माल बसतो. चार बोटं उंचीचा थर दाबायचा, वर कडेकडेने स्पॉन पसरायचं, पुन्हा थर. तोंड घट्ट बांधून सुईने किंवा खिळ्याने १५-२० भोकं पाडायची. झाकणाची स्वच्छ प्लॅस्टिक बादली घेऊन तिला वीतभर अंतरावर बोटाएवढी भोकं पाडली तर तीही उत्तम चालते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. प्लॅस्टिकचा कचरा नको असणाऱ्यांनी हेच करावं.

अंधारातले दिवस

आता १५ ते २० दिवस काही करायचं नाही. हेच अवघड जातं. २४ ते २८ अंश तापमान, कमी उजेड आणि शांतता, बस. रोज पिशवी उचलून दाबून पाहायची गरज नाही.

मात्र एक गोष्ट तपासा. खाणारा जीव उष्णता सोडतो, त्यामुळे पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असतं. पिशव्या एकमेकांना चिकटवून रचल्या तर हा फरक वाढतो आणि मधल्या पिशव्या भाजतात. मध्ये हात जाईल इतकी जागा सोडा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसते, मग पांढरे डाग पसरून एकमेकांना भेटतात. शेवटी सगळी पिशवी पांढरी आणि टणक होते. अधूनमधून पिवळसर थेंब जमले तर घाबरू नये, ते बुरशीचे स्राव आहेत. हिरवा डाग एका कोपऱ्यात, लहान असेल तर ती पिशवी वेगळी ठेवून वाट पाहा. पुष्कळदा धिंगरी त्याला वेढा घालून पुढे जाते. पाव पिशवी हिरवी झाली किंवा नारिंगी पावडर दिसली तर पिशवी न उघडता घराबाहेर काढा. घरात उघडून ‘आत बघू या’ म्हणणं म्हणजे पुढच्या सगळ्या पिशव्यांना लागण करणं.

खाणं थांबवून फळायला लावणं

आतापर्यंत बुरशी खात होती. तिने छत्री का काढावी? अन्न आहे, ओल आहे, स्पर्धक नाही. तिला काही घाई नाही. जंगलात धागे लाकूड संपवत पृष्ठभागाशी येतात, तिथे मोकळी हवा लागते, उजेड दिसतो, रात्री गारवा जाणवतो आणि बाष्पीभवन सुरू होतं. हे चार इशारे एकत्र मिळाले की बाहेर आलो, आता बीजाणू सोडता येतील, असं तिला कळतं. आपल्याला हेच इशारे द्यायचे आहेत.

पिशवी पूर्ण पांढरी झाली की ती सावलीतल्या, हवेशीर, उजेडाच्या जागी आणायची. उजेड वाचता येईल इतका पुरे. थेट ऊन नको. प्लॅस्टिकला चार-सहा ठिकाणी दोन-तीन बोटं लांबीच्या फुल्या मारायच्या. काही जण प्लॅस्टिक पूर्ण सोलून काढतात. दमट खोलीत ते ठीक, पण बहुतेक घरांची हवा कोरडी असते आणि उघडा पडलेला गोळा दोन दिवसांत सुकतो. मी चिरांच्या बाजूचा आहे.

आठवडाभरात चिरांशी टाचणीच्या डोक्याएवढे दाणे, म्हणजे छत्र्यांचे अंकुर, दिसतात. इथून खरी कसरत सुरू होते, कारण छत्रीला दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींच्या वैरी आहेत. पहिली दमट हवा, ८० ते ९० टक्के आर्द्रता. पानावर असतो तसा मेणचट थर छत्रीवर नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत ती उघड्या ओल्या फडक्यासारखी वाळते. दुसरी ताजी हवा. ती दिली की दमटपणा जातो. दमटपणा कोंडला की हवा शिळी होते.

शिळी म्हणजे किती? बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. पिशवीतल्या धाग्यांना त्याच्या कित्येक पट चालतो, पण छत्रीला साधारण १००० च्या खाली हवा. दारं-खिडक्या लावून झोपलेल्या खोलीत सकाळपर्यंत हा आकडा सहज ओलांडला जातो. कार्बन डायऑक्साइड जास्त असला की बुरशीला आपण अजून लाकडाच्या फटीतच आहोत असं वाटतं, आणि ती बाहेर पडण्यासाठी दांडा लांबवत राहते. लांब दांडा आणि बटणाएवढी छत्री दिसली तर खत, जात, नशीब यांना बोल लावू नका, खिडकी उघडा.

घरगुती तोडगा असा : पारदर्शक प्लॅस्टिकचा सैल तंबू पिशवीवर घालायचा, त्याला खाली आणि वर मोठी भोकं ठेवायची, आत कडेला ओलं गोणपाट लटकवायचं. दिवसातून तीन-चार वेळा तंबू उचलून हवा घालायची आणि तंबूच्या आतल्या अंगाला धुक्यासारखा फवारा मारायचा. दाण्यांवर थेट पाणी मारू नये. पंखा आणि एसीच्या झोतात तर पिशवी ठेवूच नये. साधा आर्द्रतामापक आत टांगला तर अंदाज लवकर येतो.

आर्द्रता १०० टक्के ठेवली तर आणखी बरं, असंही नाही. छत्रीवरून थोडं पाणी उडत राहिलं तरच आतून पाणी आणि अन्न वर ओढलं जातं. पृष्ठभाग तासन्‌तास ओला राहिला तर जिवाणूंमुळे पिवळे-तपकिरी डाग पडतात. फवारल्यानंतर तास-दोन तासांत छत्रीवरची चकाकी गेली पाहिजे. दाणे तपकिरी होऊन वाळले तर हवा कोरडी. पिवळे पडून बुळबुळीत झाले तर पाणी जास्त. काही दाणे एरवीही मरतात. सगळ्यांना पुरेल इतकं अन्न नसतं, बुरशी निवडक घोस वाढवते.

काढणी, बीजाणू आणि पुढचे बहर

दाण्यापासून काढणीपर्यंत चार ते सहा दिवस लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात घोस एका दिवसात दुप्पट होतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ नजर हवी. छत्रीची कड अजून खाली वळलेली असतानाच काढायची. कड सपाट होऊन वर उलटली की उशीर झाला : चव उतरते, टिकाऊपणा जातो आणि पांढरी भुकटी पडायला लागते. ही भुकटी म्हणजे बीजाणू. धिंगरी ते प्रचंड संख्येने सोडते आणि बंद जागेत सतत श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना ॲलर्जीचा दाह होऊ शकतो. एक-दोन पिशव्या वेळेवर काढल्या तर काळजीचं कारण नाही. पण झोपायच्या खोलीत पिशवी ठेवू नये, आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क लावावा किंवा पिशवी घराबाहेर सावलीत ठेवावी.

पूर्ण घोस बुडाशी धरून पिरगळून काढायचा. मागे राहिलेले देठाचे तुकडे खरवडून टाका. ते कुजले की बारीक चिलटं येतात आणि अळ्या धागे खातात. मग आठ-दहा दिवस विश्रांती, ओल कायम ठेवून. दुसरा बहर येतो, कधी तिसरा. पहिला सर्वांत मोठा असतो. पिशवी उचलायला फारच हलकी लागली तर दोन-तीन तास स्वच्छ पाण्यात बुडवून निथळू द्या. सगळं मिळून एका किलो कोरड्या काडावर घरी ५०० ते ८०० ग्रॅम आली तर उत्तम.

पिशवीवर धिंगरीसारखी न दिसणारी छत्री उगवली, उदाहरणार्थ बारीक दांड्याची आणि काळी शाई होऊन गळणारी, तर ती खायची नाही. कुंडीत आपोआप उगवलेलं काहीही खायचं नाही. घरी लागवड करण्याचा मोठा फायदाच हा, की जात माहीत असते. तो हातचा घालवू नका. आणि धिंगरी कच्ची खाऊ नये. तिच्यातली काही प्रथिनं कच्ची असताना त्रासदायक असतात, शिजवल्यावर निकामी होतात.

प्रथिनांवरून आठवलं. अळंबीत २० ते ३० टक्के प्रथिनं असतात हे वाक्य सगळीकडे फिरतं, आणि ते वाळलेल्या अळंबीबद्दल आहे. ताज्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण ३ ग्रॅमच, बाकी बहुतेक पाणी. डाळीची जागा ती घेणार नाही. ड जीवनसत्त्वाचं मात्र खरं आहे. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचं ड-२ बनतं, आणि हे तोडलेल्या अळंबीतही घडतं. चिरून, छत्रीखालच्या पडद्यांची बाजू वर करून, भर दुपारच्या उन्हात काही वेळ ठेवली की झालं.

ताजी धिंगरी कागदी पिशवीत फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुळबुळीत होते. जास्त आली तर फाडून कडकडीत वाळवा आणि हवाबंद बरणीत भरा.

शेवटच्या बहरानंतर काड तपकिरी, हलकं आणि भुसभुशीत झालेलं असतं. झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून किंवा गांडूळखतात ते छान जातं. फक्त नव्या पिशव्या भरायच्या जागेपासून ते लांब न्या, आणि नवा माल भरायच्या आदल्या दिवशी जुनी पिशवी घरातून गेलेली असू द्या.